टर्बाइनची टोके कोण मोजणार?

सातपुड्याच्या पायथ्याने येणारी तापी प्रकाश्याजवळ गोमाईला पोटात घेते, नंदुरबार जिल्हा ओलांडून उकाईच्या जलाशयात शिरते आणि पुढे सुरतेजवळून समुद्राला मिळते. तिच्या मुखापाशी, हजीऱ्याच्या वाटेवर कवास येथे एनटीपीसीचे गॅसवर चालणारे वीजकेंद्र आहे. क्षमता ६५६ मेगावॉट, त्यात चार गॅस टर्बाइने आणि त्यांच्या झोताच्या उरलेल्या उष्णतेवर चालणारी दोन वाफेची टर्बाइने. नोव्हेंबर २०२२ मध्ये एनटीपीसीने जीई कंपनीशी एक सामंजस्य करार केला. कवासच्या ९ई जातीच्या टर्बाइनांत नैसर्गिक वायूबरोबर काही टक्के हायड्रोजन जाळता येईल का, हे पाहायचे आणि सुरुवात ५ टक्क्यांपासून करायची, असा त्याचा आशय. पाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये कवासच्याच कर्मचारी वसाहतीत स्वयंपाकाच्या नळवायूत हरित हायड्रोजन मिसळायला सुरुवात झाली. शेगडीत हे जमले म्हणून टर्बाइनमध्येही जमेल, असे मानायची घाई कोणी करू नये. शेगडीची ज्योत उघड्यावर जळते. टर्बाइनची ज्योत दोन्ही टोकांनी अडवलेल्या पोकळीत जळते, आणि त्या पोकळीला स्वतःचा आवाज असतो. माझे म्हणणे असे, की इंधन बदलताना आपण ज्योतीचा अभ्यास भरपूर करतो, पण त्या पोकळीची टोके ध्वनीशी कशी वागतात हे मोजायचे टाळतो. टोके न मोजता केलेले गणित भाकीत या नावाला पात्र ठरत नाही.

ज्योत गाते, हे माणसाला फार दिवसांपासून ठाऊक आहे. हिगिन्सने १७७७ मध्ये काचेच्या नळीत हायड्रोजनची बारीक ज्योत धरली तेव्हा नळी गुणगुणू लागली. डच शास्त्रज्ञ रायके याने १८५९ मध्ये दोन्ही तोंडे उघडी असलेल्या उभ्या नळीच्या खालच्या भागात तापलेली जाळी ठेवून तोच नाद काढला. जाळी वरच्या अर्ध्यात नेली की नळी मुकी होई. यामागचे कारण लॉर्ड रॅलेने १८७८ मध्ये नेमके सांगितले: हवा दाबली गेली असेल त्या क्षणी उष्णता मिळाली तर कंपन वाढते, हवा विरळ झाली असेल त्या क्षणी मिळाली तर ते मरते. प्रश्न उष्णता किती, यापेक्षा ती कोणत्या क्षणी, हा आहे. प्रयोगशाळेत हे गमतीचे वाटते, यंत्रात ते महागात पडते. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटचे एफ-१ इंजिन १९६२ च्या सुमारास याच दोषाने चाचणीतच फुटत होते. तेव्हाच्या अभियंत्यांनी इंजिन पेटते असताना त्यात लहान स्फोट घडवून उठलेली लहर किती वेळात विझते ते पाहिले, इंधनाच्या तबकडीवर धातूचे आडपडदे बसवले आणि पूर्ण आकाराच्या सुमारे दोन हजार चाचण्यांनंतर इंजिन शांत केले. वीजकेंद्राच्या टर्बाइनमध्ये स्फोट होत नाही, पण हीच थरथर भार वाढवता-उतरवताना अचानक येते, पत्र्याच्या नळकांड्यांना तडे पाडते, आणि त्यांचा तुकडा सुटला तर मागची पाती झोडपून काढते. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी इंधन आणि हवा आधीच मिसळून विरळ ज्योत जाळण्याची पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली. ती स्वच्छ खरी, पण अधिक चंचल. भर म्हणजे गॅसटंचाईमुळे आपली गॅस केंद्रे बहुधा अर्ध्यामुर्ध्या भारावर आणि वरचेवर चालू-बंद होत चालतात. महाराष्ट्राचे उरण केंद्र, ६७२ मेगावॉटचे, हे त्याचे घरचे उदाहरण. दिवसा सौरवीज आणि संध्याकाळी गॅस अशी विभागणी होऊ लागली की ही चढउतार वाढणारच.

आता टोकांकडे येऊ. सातपुड्यातल्या होळीला वाजणारी बासरी घ्या. तिच्या तोंडाशी बांबू संपतो, पण आतली लहर तिथेच थांबत नाही. ती त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट पुढे जाऊन परतते, आणि बासरी बनवणारा हे सूत्र न वाचताही छिद्रे त्याच हिशेबाने पाडतो. म्हणजे ‘उघडे टोक’ हासुद्धा मोजायचा विषय आहे, गृहीत धरायचा नव्हे. टर्बाइनच्या ज्वलनकक्षात हा हिशेब किती बिघडू शकतो, ते आकड्यांत पाहू. समजा, कक्षाची लांबी एक मीटर आणि आतल्या वायूचे तापमान १४०० केल्विन. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ७३० मीटर येतो. दोन्ही टोके भिंतीसारखी घट्ट मानली तर पहिला सूर ३६५ हर्ट्झचा. एक टोक घट्ट आणि दुसरे उघडे मानले तर तो निम्मा, म्हणजे १८२ हर्ट्झच्या आसपास. इंधन बर्नरमधून निघून ज्योतीपर्यंत पोहोचायला २.७ मिलिसेकंद लागत असतील, तर हा उशीर पहिल्या सुरासाठी जवळपास पूर्ण एक चक्र आहे आणि दुसऱ्यासाठी अर्धे. रॅलेच्या कसोटीवर पूर्ण आणि अर्धे चक्र यांत खतपाणी आणि विष यांइतके अंतर पडते. ज्योत तीच, इंधन तेच, पोलादही तेच. फक्त कागदावर टोकापाशी लिहिलेला एक शब्द बदलला, आणि निदान उलटे झाले.

प्रत्यक्ष यंत्राचे टोक ना भिंत असते, ना उघडे तोंड. कक्षातून निघालेला वायू टर्बाइनच्या पहिल्या स्थिर पात्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत ध्वनीच्या वेगाला भिडतो, तेव्हा ती वाट अभियंत्यांच्या भाषेत ‘चोक’ होते. मागून कितीही दाब ढकला, त्या गळ्यातून जाणाऱ्या वायूचे प्रमाण ठरावीक नियमानेच बदलते. मार्बल आणि कँडेल यांनी १९७७ मध्ये अशा आखूड गळ्यासाठी सीमाअट, म्हणजे टोक ध्वनीशी कसे वागते याचा नियम, मांडली. कक्षातला प्रवाह ध्वनीच्या एक-दशांश वेगाने जात असेल तर त्या अटीनुसार परतणाऱ्या लहरीची उंची आलेल्या लहरीच्या ०.९७ पट येते. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, जी घाईत वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. ज्योतीतून निघालेला एखादा अधिक तापलेला वायूचा पुंजका त्या गळ्यातून जाताना स्वतः आवाज निर्माण करतो. म्हणजे हे टोक आलेला ध्वनी परत पाठवते आणि तापमानातल्या चढउतारांचेही ध्वनीत रूपांतर करते. ०.९७ हा आकडा पाहून कोणी म्हणेल की हे जवळजवळ एकच आहे, भिंतच माना. पण हिशेब करा. एक मीटरच्या कक्षात लहरीची एक फेरी २.७ मिलिसेकंदांची. दर फेरीला ०.९७ पट होत गेली तर लहरीच्या घटीचा घातांक सेकंदाला सुमारे ११ पडतो. कॉम्प्रेसरकडचे टोक, बर्नरच्या अरुंद तोंडाशी सुटणारे भोवरे, थंड हवेसाठी पाडलेली छिद्रे यांनी मिळून परावर्तन ०.९ वर आणले तर तो ३८ होतो. आता ज्योत लहरीला सेकंदाला २५ च्या घातांकाने पोसत आहे असे धरा. ०.९७ चे टोक असेल तर थरथर सुमारे ५० मिलिसेकंदांत दुप्पट होत जाईल. ०.९ चे असेल तर जवळपास तितक्याच वेळात निम्मी होत विझेल. परावर्तनातला सात टक्क्यांचा फरक म्हणजे चालणारे यंत्र आणि बंद पडलेले यंत्र यांतला फरक. ज्योतीचे गणित सोडवायला महासंगणकावर आठवडे घालवायचे आणि टोकापाशी ‘भिंत’ असे लिहून मोकळे व्हायचे, याला मी शास्त्रीय आळस म्हणतो.

९ई सारख्या यंत्रात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आणि, मला वाटते, सर्वांत मनोरंजक होतो. त्यात ज्वलनकक्ष एक नसून यंत्राभोवती वर्तुळात मांडलेली चौदा नळकांडी असतात. कारखान्यात त्यांना ‘कॅन’ म्हणतात. प्रत्येक कॅनची ज्योत स्वतंत्र, पण सगळ्यांची तोंडे टर्बाइनच्या पहिल्या पात्यांसमोर एका रिंगणात येतात आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत थोडी फट राहते. चौदाही कॅन एकाच तालात धडधडत असतील तर फटीच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा, म्हणून फटीतून काही जात नाही. प्रत्येक कॅनला पुढे फक्त तो चोक झालेला गळा दिसतो, जवळपास भिंतीसारखा. पण शेजारचे कॅन उलट्या तालात असतील, एकात दाब चढताना दुसऱ्यात उतरत असेल, तर वायू फटीतून इकडून तिकडे सरकतो आणि तेच टोक एकाएकी मऊ पडते. या दोन तालांच्या मध्ये आणखी प्रकार आहेत. चौदा कॅनच्या रिंगणात असे एकूण आठ वेगवेगळे प्रकार निघतात आणि प्रत्येकाला त्याच धातूच्या टोकाचे परावर्तन निराळे मिळते. म्हणजे सीमाअट हा त्या टोकाचा एकट्याचा गुण नाही. शेजारी काय करत आहेत यावर तो ठरतो. नवा बर्नर पारखताना प्रचलित पद्धत ही, की चाचणीगृहात एकच कॅन पेटवायचा आणि पुढे गळ्याची नक्कल बसवायची. त्या चाचणीत आठांपैकी एकच प्रकार दिसू शकतो. उरलेले सात पहिल्यांदा उमटतात ते प्रत्यक्ष केंद्रात, ग्रिडला वीज देत असताना. हायड्रोजनने ज्योत आखूड झाली, तिचा उशीर घटला, तर एकट्या कॅनमध्ये शांत असलेला बर्नर रिंगणात उलट्या तालात गाऊ लागण्याची शक्यता राहतेच. ती किती, हे फटीचे परावर्तन मोजल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

यावर अनुभवी माणसे म्हणतात की आम्ही गणित यंत्राशी जुळवून घेतो, आणि ते जुळते. मूळ रोग नेमका इथेच आहे. यंत्रात २०० हर्ट्झची थरथर दिसली, गणितात १७० आली, मग टोकाचा परावर्तन-गुणक किंचित सरकवला, की २०० येते. संगणकावरच्या मोठ्या प्रवाह-अनुकरणातही हीच सोय आहे. पॉइनसो आणि लेले यांनी १९९२ मध्ये दिलेल्या पद्धतीत बाहेरच्या सीमेवर एक शिथिलता-गुणक असतो. तो वाढवला की खालच्या सुरांना ती सीमा उघड्या तोंडासारखी परतवते, घटवला की सगळे बाहेर जाऊ देते. हा गुणक गणिताच्या स्थैर्यासाठी आहे, यंत्राच्या वर्णनासाठी नाही. तरी तो निवडताच यंत्राचे एक टोक नकळत ठरून जाते. असे जुळवलेले प्रतिरूप जुन्या इंधनावर बिनचूक दिसते, कारण ज्योतीच्या वर्णनातली चूक टोकाच्या आकड्यात लपवलेली असते. इंधन बदलले की ज्योत बदलते, लपवलेली चूक मात्र जागीच राहते. मिथेनच्या ज्योतीचा पसरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.४ मीटर, हायड्रोजनचा दोन ते तीन मीटर. जे प्रतिरूप मिथेनवर घासून-पुसून बसवले, ते मिश्रणावर चालेल असा भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? जुळणे म्हणजे समजणे नव्हे, हे आपल्या तांत्रिक अहवालांतून क्वचितच कबूल केले जाते.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल, की अनिश्चितता ज्योतीत सर्वांत जास्त आहे, टोकांत नाही. हे पुष्कळ अंशी खरे आहे. पण त्यातून उलट निष्कर्ष निघतो. ज्योतीचा प्रतिसाद प्रयोगशाळेत मोजायचा, कक्षाची टोके यंत्रात मोजायची आणि दोन्ही एका साखळीत बसवायची, ही आजची मान्य रीत आहे. ती उभी राहते ते या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात म्हणून. एकीतली चूक दुसरीत भरली की साखळीचा अर्थच संपतो. अनिश्चित ज्योतीला तपासायचे असेल तर निदान दुसरी बाजू पक्की हवी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: हजार अंशांच्या वर तापलेल्या, वातावरणाच्या बारा पट दाबाच्या यंत्रात लाउडस्पीकर आणि मायक्रोफोन घेऊन कोण शिरणार? कोणी शिरायचे नाही. नळीच्या भिंतीत दोन-तीन ठिकाणी मायक्रोफोन बसवून जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरी वेगळ्या करायची पद्धत १९७७ पासून उपलब्ध आहे. ती थंड यंत्रात, हवा फिरवून वापरता येते, आणि फट, गळा, छिद्रे यांची भूमिती तर थंडीतही तीच असते. तापमानाचा परिणाम पुढे गणिताने जोडता येतो. शिवाय धडधड मोजणारे दाबसंवेदक आज बऱ्याच केंद्रांत कॅनवर बसवलेले असतात. यंत्र शांत चालताना त्यांच्या आलेखावर उठणाऱ्या शिखराची रुंदी पाहिली तर लहर किती वेगाने विझते ते कळते. शिखर निमुळते होत चालले की धोका जवळ आला. ती नोंद आज बहुतेक वेळा फक्त मर्यादा ओलांडली का एवढेच पाहायला वापरली जाते. त्या माहितीतून टोकांचा आकडा काढता येतो.

तिसरा आक्षेप अधिक चतुर आहे. टोके माहीत नसतील तर सर्वांत वाईट स्थिती धरा, म्हणजे ध्वनी पूर्ण परततो असे माना आणि त्यावर उपाय करा, म्हणजे सुरक्षित बाजूला राहाल. इमारतीच्या तुळईला हे चालते, ज्योतीला चालत नाही. २०१४ च्या आसपास युरोपातल्या गटांनी दाखवून दिले, की टोके ध्वनी अजिबात परतवत नसली तरीही ज्योत आणि तिच्या मागचा बर्नर आपापसांत फेरा धरून अस्थिर होऊ शकतात. काही प्रसंगी टोकांचे शोषण वाढवले तर हा फेरा बळावतो. म्हणजे पूर्ण परावर्तन ही दर वेळी सर्वांत वाईट स्थिती ठरत नाही. दुसरे असे, की कक्षाला लावायचे शोषक, विशिष्ट मापाच्या मानेच्या पोकळ्या, एका अरुंद पट्ट्यातलाच सूर गिळतात. सूर तीस हर्ट्झने चुकला तर त्यावर खर्च केलेले पैसे वाया जातात. ‘सुरक्षित बाजू’ कोणती हेच ठाऊक नसताना तिकडे झुकायचे कसे?

चौथा आक्षेप आपल्याच देशातल्या उत्तम कामावर उभा आहे. आयआयटी मद्रासचे आर. आय. सुजित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की अस्थिरता पूर्ण उसळण्याआधी यंत्राच्या गोंगाटात तालबद्ध धडधडीचे तुटक झटके दिसू लागतात, आणि त्यांवरून आगाऊ इशारा देता येतो. मग प्रतिरूपाची गरज काय? इशारा मोलाचा आहे, त्याचा उपयोग केंद्रांनी करावाच. पण इशारा एवढेच सांगतो की आता भार उतरवा. बर्नर कोणता बसवावा, शोषक कुठे लावावा, हायड्रोजन ५ वरून १५ टक्क्यांवर न्यावा की नाही, हे तो सांगत नाही. संध्याकाळी सहा वाजता ग्रिडला वीज हवी असताना दर वेळी मागे हटणे परवडणारे नाही.

कोणी म्हणेल, ५ टक्क्यांत एवढे काय आहे? आकारमानाने ५ टक्के हायड्रोजन म्हणजे उष्णतेच्या हिशेबात जेमतेम दीड टक्का, आणि कार्बनची बचतही तेवढीच. ३० टक्के मिसळला तरी उष्णतेतला वाटा ११ टक्क्यांच्या आसपास. एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असे एखाद्याला वाटले तर त्याला मी फारसा दोष देणार नाही. हवामानाच्या दृष्टीने ही पायरी लहानच आहे. पण यंत्राच्या दृष्टीने ५ टक्क्यांचा टप्पा अनमोल आहे, कारण ज्योत अजून जवळजवळ जुनीच आहे आणि टोके तीच आहेत. याच वेळी टोके मोजून ठेवली तर पुढे २० टक्क्यांवर काही वेगळे दिसले तेव्हा दोष ज्योतीचा हे खात्रीने म्हणता येईल. ही नोंद आत्ता केली नाही तर ती संधी परत येत नाही.

या कामाला मोठी सरकारी संस्थाच लागते असेही नाही. शहाद्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नंदुरबारात पदार्थविज्ञानाचे विभाग आहेत, आणि रेल्वेने थेट जोडलेल्या सुरतेत राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. मीटरभर लोखंडी नळी, तारेची जाळी, बर्नर, दोन मायक्रोफोन आणि साधा संगणक एवढ्यावर रायकेचा प्रयोग उभा राहतो. तोंडाला वेगवेगळ्या मापाच्या भोकांच्या चकत्या लावून परावर्तन मोजले आणि नळी कोणत्या चकतीला गाते, कोणत्या चकतीला गप्प राहते याचे भाकीत आधी कागदावर लिहून मग ताडून पाहिले, तर पदवीच्या शेवटच्या वर्षाला तो पुरेसा कसदार प्रकल्प होईल. चार नळ्या शेजारी ठेवून त्यांच्यात फट सोडली तर कॅनच्या रिंगणाची लहान आवृत्तीही हाताशी येते. कवासच्या चाचणीत मात्र मागणी मोठी करायला हवी. हायड्रोजन आत सोडण्यापूर्वी कॅनच्या दोन्ही टोकांचे आणि शेजारच्या फटीचे परावर्तन थंड स्थितीत मोजावे, नैसर्गिक वायूवर चालताना दाबसंवेदकांवरून ते पुन्हा काढावे, आणि दोन्ही आकडे हायड्रोजनच्या निकालांबरोबर जाहीर करावेत. केंद्र सार्वजनिक पैशाने उभे आहे. तेव्हा हे आकडे विक्रेत्या कंपनीच्या कपाटात न राहता देशातल्या प्रत्येक संशोधकाला मिळाले पाहिजेत, आणि ही अट करारात आधीच लिहून घेतली पाहिजे.